ऐकलं तेच लिहिणारा मास्तर

हुसेन मामूंचं खडप गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान, आमच्या बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये नाहीसं झालं. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. साडेदहाची एसटी नुकतीच वळून गेली होती, बर्फाच्या कारखान्याचा अकराचा भोंगा व्हायचा होता, आणि मी आईच्या टोपल्या धूत तिथेच उभी होते.

दर्यात ते खडप, म्हणजे मासे धरायचा पाण्याखालचा खडक, आजही आहे. कागदावर नाही. आणि कागदावर जे नाही त्याच्यावर दगड ओतता येतात, दगडांचं बेट करता येतं, आणि बेटावर आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधता येतो. तारकर्लीच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, आणि वाडीसमोरच्या समुद्रात असा विमानतळ होणार, असं कंपनी म्हणते. समुद्र तिथे रिकामाच आहे, असंही म्हणते. हा रिकामेपणाचा शोध कंपनीचा नाही. तो आमच्या विनायक मास्तरचा.

या मास्तरबद्दल मला लिहायचं आहे. मी त्याला अहोजाहो करणार नाही. आई म्हणते, "गो, शिकवल्यान तुका तेणी. मास्तराक अरेतुरे करतंस, जीभ झडात." शिकवलं हे खरं. काय शिकवलं ते आधी सांगते, मग जिभेचं बघू.

चौथीत रोज तिसऱ्या तासाला शुद्धलेखन असे. मास्तर दोन बाकांच्या मधून फिरत एकेक वाक्य सांगे आणि आम्ही लिहायचं. एकदा त्याने सांगितलं, "सूर्य पश्चिमेला उगवतो." वर्गात बसलेली सगळी पोरं समुद्राकाठची. सूर्य रोज संध्याकाळी आमच्या बापांच्या होड्यांमागे बुडताना बघत वाढलेली. तरी सगळ्यांनी निमूट 'पश्चिमेला' लिहिलं. मी 'पूर्वेला' लिहिलं. मला शून्य मिळालं आणि तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं राहावं लागलं.

"मी काय सांगितलं?" मास्तरने विचारलं.

"पश्चिमेला."

"मग? ऐकलं ते लिहायचं. सूर्याची काळजी तू करू नकोस. तो त्याचं बघेल."

त्याच्या आयुष्याचं हे एकच वाक्य आहे. बाकी सगळी इस्त्री.

इस्त्री मात्र होती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. वाळूतून चालतानाही बूट. भर उन्हाळ्यातही काखेत छत्री. चिखलात उभा राहूनही पाय न मळवणारा बगळा बघितलाय ना? तो. बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून बाहेर यायचा. कुत्र्यालासुद्धा "जा बघू तिकडे" म्हणायचा. कुत्रं आमच्या वाडीतलं, त्याला "हाड" कळतं. ते शेपटी हलवत तिथेच बसायचं. मालवणी त्याला दोनच प्रसंगी आठवे. मासे मागताना, आणि ठेच लागल्यावर.

आता हा माणूस कुठला परका नाही. याचा बाप आणि हुसेन मामूंचा बाप एकाच होडीवर होते. दोन घरं, एक होडी. मामू आणि मास्तर एका वयाचे, आणि दोघांनाही बापांनी एकाच दिवशी पहिल्यांदा दर्यात नेलं. विनायक खडपापर्यंत ओकत गेला आणि खडपापासून ओकत आला. मामू अजून सांगतात, "आमका त्या दिवशी चारो घेवक लागलोच नाय. इनूनच सगळो घातल्यान." मामू एकटेच त्याला इनू म्हणतात. त्या दिवसानंतर इनू होडीत चढला नाही. याचं मला हसू येत नाही. समुद्र लागतो, पुष्कळांना लागतो. पण ज्याला समुद्र लागला त्याने जन्मभर समुद्राचा सूड घ्यावा, हे मी फक्त याच्यात बघितलं.

नोकरीत आधी आमच्या वाडीच्या शाळेत होता, मग मसुऱ्याला, शेवटची काही वर्षं वैभववाडीला. घाटाखालचं गाव, तिथे समुद्र लोकांना बाजारातल्या सुक्या बांगड्यापुरता माहीत. तिथे हा शिक्षकांच्या खोलीत बसून सांगायचा, "आम्ही दर्याची माणसं. वारा बघून पाणी ओळखतो." सुट्टीत वाडीत आला की आम्हाला सांगायचा, "तुम्हाला कचेऱ्या कळत नाहीत, तिथे माझ्यासारखा माणूस लागतो." डोंगरात गेला की खलाशी, किनाऱ्यावर आला की कारकून.

एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे, तीही लिहिते. वाडीतल्या मोठ्या माणसांना सही करायला त्याने शिकवलं. साक्षरतेचा वर्ग होता, आणि हा एकही दिवस न चुकता आला. हुसेन मामू तेव्हा चाळिशीला टेकलेले. जाड बोटांत पेन्सिल धरून, जीभ दातांत पकडून, त्यांनी आपलं नाव गिरवलं. नाव जमलं तेव्हा मामूंनी त्याला एक अख्खी इसवण दिली. इसवण म्हणजे तुमची सुरमई. त्याने ती घेतली. तीच सही पुढे त्याने परत घेतली, तेव्हा मात्र काही दिलं नाही.

त्याआधी आमची एक रीत सांगायला हवी. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही.

होडीवर निघालेल्या माणसाला आमच्याकडे 'खंय', म्हणजे कुठे, असं विचारत नाहीत. कुणी विचारलंच, तर तो माणूस घरी परत जातो, पायरीवर बसतो, पाणी पितो आणि मग नव्याने निघतो. आणि परत आलेल्याला 'काय गावला' म्हणून विचारलं, तर उत्तर एकच. काय नाय. टोपली काठोकाठ भरलेली असो, वरून शेपट्या लोंबत असोत, उत्तर 'काय नाय'. दर्याने दिलेलं तोंडाने मोजलं तर दृष्ट लागते, दर्या हात आखडतो. यात हिंदू-मुसलमान काही नाही. आमच्या घरात आणि मामूंच्या घरात हे सारखंच. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या आठवड्यात तर, हंगामाच्या अगदी तोंडावर, लोक तेवढं 'काय नाय'सुद्धा हळू आवाजात म्हणतात.

मास्तरला हे ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणू नये. निवृत्त होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी होड्या लागायच्या वेळेला तो कापडी पिशवी घेऊन किनाऱ्यावर हजर.

"काय गावला रे हुसेन?" इथे त्याला मालवणी आठवे.

"काय नाय, इनू."

"काय नाय म्हणजे गोबरो की तांबोसो?" असं म्हणून स्वतःच हसे, टोपलीवरचं ओलं पोतं छत्रीच्या टोकाने बाजूला करी, आणि नेमका चांगला मासा उचली. वाडीत कुणी त्याला कधी नाही म्हटलं नाही. मास्तर ना! 'काय नाय'च्या खाली काय असतं, हे या माणसाने छत्रीने उकरून बघितलेलं आहे. रोज. आणि खाल्लेलं आहे.

तर नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. लिलावाच्या शेडमध्ये कंपनीच्या पाहणीसाठी निळं प्लास्टिकचं टेबल मांडलेलं. टेबलामागे कंपनीचा तरुण इंजिनीअर, नारिंगी जाकीट, घामाघूम. त्याला मालवणी कळत नव्हती, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून तर त्याच्या शेजारी मास्तर बसवलेला. गळ्यात फीत, फितीला प्लास्टिकचं ओळखपत्र, त्यावर फोटो आणि खाली 'स्थानिक समन्वयक'. ते ओळखपत्र तो त्यानंतर बाजारात, बँकेत, लग्नात, सगळीकडे घालून फिरला. आंघोळीला काढत असावा, नक्की सांगता येत नाही.

पहिले मामू.

"हुसेनभाई, आपण मासेमारीसाठी समुद्रात नेमके कोठे जाता?"

मामूंनी मागे वळून बघितलं. 'आपण' म्हणजे कोण आलंय ते बघायला. मागे मीच होते, टोपली घेऊन. मग ते ओशाळून हसले. "खंय जातलंय इनू? भायर."

"बाहेर," मास्तरने लिहिलं. "समोरच्या क्षेत्रात कोणते मासे मिळतात?"

"हंय समोर? हंय काय नाय रे. दगड आसत. जाळां फाटतत."

"काही नाही. खडक. जाळी फाटतात." लिहिलं. कागद फिरवला. "सही."

मामूंनी जीभ दातांत पकडली आणि सही केली.

मग एकेक जण. भायर. काय नाय. भायर. काय नाय. माझ्या आईलाही विचारलं, कारण मासेविक्रेत्या महिलांचा वेगळा रकाना होता. आईच्या टोपलीत तेव्हा इतके बांगडे होते की मला एकटीला उचलेना. आई म्हणाली, "काय नाय ओ मास्तर. मिठापुरता." मास्तरने टोपलीकडे बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. त्याने मान खाली घातली आणि लिहिलं, 'काही नाही'.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी बंदरावर उभं राहून "टोपल्या भरल्यात" असं ओरडणं माझ्याही जिभेवर आलं नाही. मीही याच वाडीतली.

आम्ही जेवढं लपवतो तेवढं त्या दिवशी आमच्याविरुद्ध साक्ष म्हणून लिहिलं गेलं, आणि लिहिणारा आमच्यातलाच होता. हे कळायला आम्हाला गणपती उजाडावे लागले.

मास्तरच्या घरी पाच दिवसांचा गणपती. दरवर्षी देखावा. कधी किल्ला, कधी चांद्रयान. त्या वर्षी त्याने बेट केलं. थर्माकोलचं बेट, त्यावर काळ्या कागदाची धावपट्टी, लुकलुकणारे दिवे, निळ्या जिलेटीनचा समुद्र, कडेने तारकर्लीची पांढरी वाळू. वर एक खेळण्यातलं विमान गोल फिरत होतं. ते टांगलं होतं गरीच्या तंगुसावर, मासे पकडायच्या दोऱ्यावर. अख्ख्या देखाव्यात मासेमारीची वस्तू ती एवढीच. होडी एकही नाही. आई हात जोडून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, आमच्यो होडयो खंय?" तर म्हणे, "वहिनी, हा पुढचा काळ आहे."

पण अचूकपणा म्हणावा तर त्याचाच. ऐकलं तसं लिहिणारा माणूस बघितलं तसं करतोही. कंपनीचा नकाशा समोर ठेवून त्याने किनारा केलेला. मागे डोंगर, डोंगरावरचा एकटा माड, खाली देवळाचा कळस, दक्षिणेला सुरूचं बन आणि टेकडीवरचा खुरीस, म्हणजे क्रूस. सगळं जिथल्या तिथे, मापात. या अचूकपणानेच तो पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी हुसेन मामू आले. दर गणपतीला येतात, केळ्यांचा फणा घेऊन. फणा ठेवला, देवाकडे बघून छातीला हात लावला, आणि देखावा बघायला म्हणून वाकले. मग गुडघ्यावर बसले. मग एक डोळा मिटला आणि दुसरा जिलेटीनच्या समुद्राच्या पातळीला आणला.

खोलीत दहाबारा माणसं होती. सगळ्यांना वाटलं, मामूंना विमान आवडलं. मी मात्र दर्यात जाणारी माणसं घरात बघत वाढलेय. समुद्रात खूण लावताना माणूस असाच डोळा मिटतो. जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत आणतो, मग दुसऱ्या बाजूच्या दोन, आणि दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे खाली खडप. मामू गुडघ्यावर सरकत सरकत थोडे डावीकडे गेले. कळस माडाच्या मुळात बसला. मान वळवली. खुरीस बनातून बाहेर आला. मामूंनी बोट पुढे केलं. बोट थर्माकोलच्या धावपट्टीवर टेकलं.

"इनू," मामू म्हणाले, "ह्यां माझ्या बापाशीच्या खडपार बसवलंस."

विमान फिरत होतं.

"तुझ्याय बापाशीच्या," मामू म्हणाले.

मास्तर आत गेला. मला वाटलं, माणूस शरमला. तो आतून फाईल घेऊन आला! फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवलेली. गणपतीपुढे उभं राहून त्याने वाचून दाखवलं. "प्रश्न चौथा. कोठे जाता? उत्तर, बाहेर. प्रश्न सातवा. कोणते मासे मिळतात? उत्तर, काही नाही, खडक. खाली सही. ही सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

"अरे मेल्या, आमी काय नाय कित्याक म्हणतंव तां तुका म्हायत नाय?"

"मला काय माहीत आहे हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. मी ऐकलं ते लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही." आणि मग, पाहुण्याशी बोलावं तसं, "प्रसाद घेऊन जा, हुसेन."

मामूंनी प्रसाद घेतला. प्रसाद देवाचा होता.

त्यानंतर मी पहिलं पत्रक काढलं. वाडीवाडीत वाटलं, मास्तरच्या पायरीवरही ठेवलं. दोन दिवसांनी ते आमच्या दारात परत आलं. तांबड्या पेनाने दुरुस्त केलेलं. खाली शेरा, 'अक्षर चांगले. भाषा भडक. दहापैकी सहा.' मजकुराबद्दल एक शब्द नाही. ज्याच्या हातून समुद्र पुसला गेला, त्याला माझ्या वेलांट्या दिसत होत्या.

तरी आम्ही त्याच्याकडे गेलो. जिल्ह्याच्या कचेरीत चौकशी केली होती. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, दोन रस्ते आहेत. एक तर ज्याने माहिती भरून घेतली त्याने लेखी द्यावं, की ही उत्तरं रिवाजाने दिलेली आहेत, खरी धरू नयेत. मग माहिती पुन्हा गोळा करावी लागेल. नाहीतर मच्छीमारांनी स्वतः लेखी द्यावं, मासे कुठे मिळतात, जागा खुणांसकट.

दुसऱ्या रस्त्याची किंमत साहेबांना कळली नाही. खडपाच्या खुणा मामूंना त्यांच्या बापाने होडीत सांगितल्या, घरात कधी नाही. मामूंनी अजून मुलालाही सांगितलेल्या नव्हत्या. त्या कागदावर आल्या की कचेरीच्या फलकावर येणार, आणि फलक बाहेरच्या ट्रॉलरवाल्यांनाही वाचता येतो. न सांगावं तर खडपावर विमान उतरणार. सांगावं तर ट्रॉलर खरवडून नेणार. या कात्रीतून सोडवायला मास्तरचं एक वाक्य पुरे होतं. मी ते लिहूनच नेलं होतं. 'विचारल्यावर काही नाही म्हणायची या वाडीची रीत आहे व ती मला माहीत होती.'

मास्तरने ते व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचलं. आम्हाला बसा म्हटलं नाही.

"रीत ही ऐकीव गोष्ट असते," तो म्हणाला. "तिला पुरावा काय?"

माझी आई, जी मला जीभ झडेल म्हणून सांगते, ती पुढे झाली. "पुरावो? मास्तर, तुमची पिशयी पुरावो! इतकी वर्सां काय नाय, काय नाय आयकान जी इसवण पिशयेत घालून न्हेलात, ती खंयच्या दुकानातली? ती काय सूर्यानं आणून दिल्यान?"

माणसं हसली. मास्तरचे कान लाल झाले. पण सही केली नाही. "मी शासकीय सेवेतला माणूस आहे," म्हणाला. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती! "एकदा भरलेला फॉर्म मी खोटा म्हणणार नाही."

फाटकाबाहेर आल्यावर आई म्हणाली, "शिरां पडली तेच्या तोंडार." त्यानंतर जिभेबद्दल तिने मला बरेच दिवस काही सांगितलं नाही.

लोक म्हणतात, कंपनीने मास्तरला पैसे चारले असतील. मी विचारपूस केली. नाही चारले. त्याला जे मिळालं ते सांगते. गळ्यातलं ओळखपत्र, टेबलामागची खुर्ची, आणि नारिंगी जाकीटवाला पोरगा 'सर' म्हणायचा ते. पैसे खाणाऱ्या माणसाला मी अजून समजून घेईन. त्याला निदान वस्तूची किंमत कळते. याने एवढा समुद्र एका खुर्चीवर सोडला, आणि वर स्वतःला स्वच्छ समजतो.

आता शेवटचं दर्शन. हरकती घ्यायची मुदत महिन्यावर आलेली. संध्याकाळी होड्या लागत होत्या. मामूंची होडी वाळूवर ओढली आणि तेवढ्यात मास्तर आला. पिशवी, छत्री, ओळखपत्र. एवढं झाल्यावरही आला. त्याच्या हिशेबी काही झालंच नव्हतं.

"काय गावला रे हुसेन?"

मामू होडीच्या काठाला धरून उभे होते. मग सरळ उभे राहिले.

"दोन गोबरे," मामू मोठ्याने म्हणाले. "सात तांबोशे. शेवंडां टोपलीभर."

मामूंच्या सुनेने पदर तोंडाला लावला. "बाबा, नको," ती पुटपुटली.

"खडपार गावली. देवळाचो कळस एकट्या माडाच्या मुळात बसता, आणि खुरीस सुरूच्या बनातसून भायर येता, थंय. माझ्या बापाशीन दाखयला. तुझ्या बापाशीन दाखयला. तू वकी होतंस, तरीय तू बघलंस." मामूंचा आवाज चिरकला. "इनू, आयकलंस मां? आता लिव."

मास्तर उभाच. खिशात दोन पेनं.

मग माझ्या आईने टोपलीवरचं पोतं फेकून दिलं. "माका बांगडे गावले! टोपलो भरान!" पलीकडून कुणीतरी, "माका पेडवे! जाळां फाटासर!" आणखी कुणी, "माका सरंगे!" आमच्या किनाऱ्यावर असं कुणी कधी बोललं नव्हतं. बोलणाऱ्यांचे चेहरे आनंदाचे नव्हते. देवाची मूर्ती पाण्यात सोडताना असतात तसे होते. माझ्या हातात एकच कागद होता, दहापैकी सहावालं पत्रक. त्याच्या पाठीवर मी लिहीत सुटले.

"आता उपयोग नाही," मास्तर म्हणाला, शुद्ध मराठीत. "फॉर्म गेलेला आहे."

जन्मभर ऐकलं ते लिहिणाऱ्या माणसाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा खरं उत्तर ऐकलं, आणि लिहिलं नाही. रिकामी पिशवी त्याने झटकली, चार घड्या घातल्या, खिशात ठेवली. मग बुटांत वाळू जाणार नाही अशा बेताने पावलं टाकत चढण चढून गेला. वाऱ्याने ओळखपत्र उलटं झालं होतं, पांढरी बाजू वर. त्याने ते सरळ केलं. मागे बघितलं नाही. तेव्हापासून तो मासे बाजारातून आणतो.

घरी गेल्यावर सुनेने मीठ-मिरच्यांनी मामूंची नजर उतरवली. पत्रकाच्या पाठीवर उतरवलेलं मी सगळ्यांच्या सह्या घेऊन कचेरीत दिलं. पुढच्या आठवड्यात बाहेरचे दोन ट्रॉलर खडपाच्या अंगाला फिरताना दिसले. किनाऱ्यावर ओरडून सांगितलेली खूण किती दिवस राहणार? मी मामूंना म्हटलं, माझ्यामुळे झालं. मामू म्हणाले, "मासे गेले तर परत येतत गो. दगड वतल्यार कोण येतलो?" मग जाळं विणायला बसले.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही मालवणला आलायत. थाळी मागवलीत, आणखी एक तुकडी वाढा म्हणालात. मासा कुठून आला, हे विचारलं नाहीत. बरं केलंत, इथे तसं विचारत नाहीत. पण खाल्लात. कंपनी म्हणते इथे काही नाही, आणि तुमच्या पोटात पुरावा आहे. विनायक मास्तरच्याही होता. त्याने गिळला. तुम्ही गिळू नका.

हरकतींच्या मुदतीचे दोन आठवडे उरलेत. आज एक कागद घ्या. कधी आलात, काय खाल्लंत, ते लिहा. समुद्र रिकामा नाही, मला माहीत आहे, असं लिहा. खाली सही करा आणि जिल्ह्याच्या कचेरीत पाठवा. मी सांगते म्हणून माझे शब्द उतरवू नका, तसली शुद्धलेखनं पुष्कळ झाली. सूर्य कुठे उगवतो हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं लिहा.